निऱ्या दिसायला आरसा केवढा हवा?

सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेला निघताना साडीच्या निऱ्या पायापर्यंत नीट दिसाव्यात म्हणून आमच्याकडे पुरुषभर आरसा घ्यायचं ठरत होतं. नवी पेठेत भाव विचारला आणि मी वहीत गणित मांडलं. उंचीच्या निम्मा आरसा पुरतो!

कारण साधं आहे. किरण आरशावर ज्या कोनात पडतो, त्याच कोनात परततो. म्हणून पायाच्या बोटांवरून निघालेला किरण डोळे आणि जमीन यांच्या बरोबर मधोमध आरशावर आपटून डोळ्यात येतो. उंची १६० सेंमी, डोळे १५० सेंमीवर असतील तर आरशाची खालची कड ७५ सेंमीवर, वरची डोळे आणि डोक्याचा माथा यांच्या मधोमध, १५५ सेंमीवर. म्हणजे ८० सेंमीचा आरसा. मागे सरकून जास्त दिसेल हा मात्र भ्रम. कितीही मागे जा, तेवढंच दिसतं.

घरात उंचीला फरक असेल तर वरची कड सर्वांत उंच माणसाच्या मापाने, खालची सर्वांत बुटक्याच्या. आणि खिळ्याला दोरीने टांगू नका, आरसा पुढे झुकतो. तो २ अंश कलला की परतणारा किरण ४ अंश वळतो, मग डोकंच गायब. भिंतीला सपाट ठोका. आमच्या शोकेसच्या आरशाने असंच झुकून डोकं गायब केलं होतं.