गिनीपिग राखून ठेवताना इसार का द्यावा लागतो आणि तो कसा द्यावा

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी घरांत मुलांच्या हट्टापायी पहिला प्राणी येतो तो अनेकदा गिनीपिग किंवा ससा असतो, आणि तो दुकानातून न आणता एखाद्या लहान रेस्क्यूमधून, म्हणजे टाकून दिलेले प्राणी सांभाळून त्यांना नवे घर शोधून देणाऱ्या संस्थेतून, दत्तक घ्यावा असे आता बरेच जण ठरवतात. अर्ज मंजूर होतो, जोडी पसंत पडते आणि मग निरोप येतो की जोडी राखून ठेवायची असेल तर डिपॉझिट भरा. इथे माणूस थबकतो. टाकून दिलेल्या जिवाला आपण घर देत असताना वर पैसेही आपणच का भरायचे, हा प्रश्न पहिल्या वेळी मलाही पडला होता. पुढे दर शनिवारी अशाच एका रेस्क्यूमध्ये खुराडी साफ करायला जाऊ लागले, आणि तेव्हापासून तो निरोप पाठवणाऱ्यांपैकी मीही एक झाले.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. ‘डिपॉझिट’ म्हटले की आपल्याला घरमालकाकडे ठेवलेली अनामत आठवते, जी घर सोडताना परत मिळते. रेस्क्यूचे डिपॉझिट हे जागेच्या व्यवहारातल्या इसारासारखे असते. व्यवहार पुरा झाला तर ते एकूण दत्तकशुल्कातून वळते होते, आणि घेणाऱ्याने ऐन वेळी माघार घेतली तर बहुतेक ठिकाणी ते बुडते.

लहान रेस्क्यू म्हणजे बऱ्याचदा कोणाच्या तरी परसातली लाकडी शेड असते. आमच्या शेडमध्ये चौदा खुराडी आहेत आणि दाराशेजारी एक पांढरा फळा आहे, ज्यावर प्रत्येक खुराड्यापुढे प्राण्याचे नाव, स्वयंपाकघरातल्या काट्यावर केलेले त्या आठवड्याचे वजन ग्रॅममध्ये आणि जोडी राखीव असेल तर लाल शाईत तारीख लिहिलेली असते. लाल तारीख पडली की ती जोडी दुसऱ्या कोणाला दाखवायची नाही, तिची जाहिरात उतरवायची, आणि ती जाईपर्यंत त्या खुराड्यात नवा प्राणी घ्यायचा नाही. डिपॉझिट सुरू होण्यापूर्वीच्या एका उन्हाळ्यात एका कुटुंबासाठी दोन माद्या तीन आठवडे अडवून ठेवल्या होत्या. ठरल्या शनिवारी कोणी आले नाही, फोनही उचलला गेला नाही, आणि मधल्या काळात एका गाभण मादीला जागा नाही म्हणून आम्हाला नकार द्यावा लागला होता. रागावण्यात अर्थ नव्हता, कारण शब्द फुकट दिला होता आणि तो फुकट मोडला होता.

राखून ठेवण्याचा काळ इतका लांबतो तो प्राण्यांच्या शरीरधर्मामुळे. नराचे खच्चीकरण झाले तरी पुढचे सुमारे सहा आठवडे त्याला मादीसोबत ठेवता येत नाही, कारण तेवढ्या काळात गर्भधारणा होऊ शकते. गिनीपिगची मादी 59 ते 72 दिवस गाभण असते. ती केव्हा फळली हे आम्हाला ठाऊक नसते, त्यामुळे नरासोबत राहिलेली मादी आली की तेवढे दिवस वाट पाहण्यावाचून इलाज नसतो. पिल्ले डोळे उघडे आणि अंगभर केस घेऊनच जन्मतात, पण तीन आठवड्यांची झाली की त्यातले नर वेगळे काढावे लागतात, म्हणजे आणखी एक खुराडे गुंतले. सशांच्या बाबतीत मिक्सोमॅटोसिस आणि आरएचडी (सशांचा रक्तस्रावी रोग) या रोगांवरच्या लसी, दोघांचीही नसबंदी आणि नंतर त्यांची एकमेकांशी जमवाजमव, एवढे सारे होईपर्यंत महिनाही अपुरा पडतो. या सर्व काळात गवत, औषधे आणि व्हेटचे (पशुवैद्याचे) बिल रेस्क्यूच भरत असते, आणि खरे सांगायचे तर पूर्ण दत्तकशुल्कातूनही तो खर्च क्वचितच निघतो.

आता पैसे भरण्यापूर्वी काय करावे ते पाहू. घर भाड्याचे असेल तर घरमालकाची परवानगी लेखी घ्यावी. ‘ते काही बोलणार नाहीत’ ही परवानगी नव्हे. घरात कोणाला दमा किंवा ॲलर्जी असेल तर रेस्क्यूमध्ये जाऊन तासभर प्राण्यांजवळ आणि विशेषतः वाळलेल्या गवताजवळ बसून पाहावे, कारण पुष्कळदा त्रास प्राण्यापेक्षा गवताचाच होतो. सशांसाठी किमान 3 मीटर लांब, 2 मीटर रुंद आणि 1 मीटर उंच अशी सलग जागा सुचवली जाते, तेव्हा आधी टेप घेऊन दिवाणखाना मोजावा.

रेस्क्यू खरी आहे की नाही हे पाहणेही आपलेच काम आहे. इंग्लंडमध्ये रेस्क्यू चालवायला सरकारी परवाना लागत नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये वार्षिक उत्पन्न 5,000 पौंडांच्या वर गेले की बहुतेक धर्मादाय संस्थांना चॅरिटी कमिशनकडे नोंदणी करावी लागते, आणि ती यादी कोणालाही फुकट पाहता येते. मात्र त्याहून लहान रेस्क्यू यादीत नसली म्हणून ती लबाड ठरत नाही. माझा साधा नियम असा की प्राणी प्रत्यक्ष किंवा निदान व्हिडिओ कॉलवर पाहिल्याशिवाय एक पेनीही पाठवू नये. फॉर्म नाही, प्रश्न नाहीत, फक्त गोंडस फोटो आणि आजच पैसे पाठवण्याची घाई, असे दिसले तर तिथून निघावे. आमच्या लांबलचक प्रश्नावलीला लोक कंटाळतात, पण ती असणे हीच चांगली खूण आहे.

पैसे भरताना चार गोष्टी ईमेलवर लिहून घ्याव्यात: रक्कम शुल्कातून वळती होणार का, जोडी कोणत्या तारखेपर्यंत राखीव राहील, आपण माघार घेतली तर काय, आणि प्राणी आजारी पडला, दगावला किंवा रेस्क्यूनेच निर्णय बदलला तर काय. शेवटच्या बाबतीत पैसे परत मिळायलाच हवेत, आणि त्याचे उत्तर गुळमुळीत आले तर पुढे जाऊ नये. ‘आमची डिसेंबर-जानेवारीची भारताची तिकिटे काढलेली आहेत’ हे तर पहिल्याच फोनवर सांगावे. सुट्टीनंतर प्राणी न्यायचा असेल तर काही ठिकाणी ठरलेल्या तारखेपुढच्या प्रत्येक दिवसाचा वेगळा खर्च घेतात, आणि तो आधी ठरलेला बरा. खरोखरच अडचण आली, नोकरी गेली किंवा कोणी आजारी पडले, तर त्याच दिवशी कळवावे. डिपॉझिट परत मिळेलच असे नाही, पण फळ्यावरची लाल तारीख पुसता येते आणि पुढच्या वेळी तुमचा अर्ज वाचताना कोणी कपाळाला आठी घालत नाही.

न्यायच्या दिवशी उरलेले शुल्क, तळाशी टॉवेल अंथरलेली पेटी आणि एक रिकामी पिशवी घेऊन यावे. पिशवी त्यांच्या नेहमीच्या गवतासाठी, कारण घर बदलतानाच आहारही बदलला तर पोट बिघडते. फळ्यावरचे शेवटचे वजन लिहून घ्यावे आणि आठवड्याने घरच्या काट्यावर तेच पुन्हा करावे. आकडा चांगलाच खाली आला असेल तर वाट न पाहता व्हेटला गाठावे आणि रेस्क्यूलाही कळवावे.