व्हीलचेअर घेण्याआधी दाराची चौकट मोजा: सोलापुरात चालण्याची साधनं कमी खर्चात कशी मिळवावीत

माझ्या आत्याच्या माळ्यावर दोन वर्षं एक कोरी व्हीलचेअर पडून होती. शिबिरात फुकट मिळालेली. आत्या मात्र हातांवर सरकत न्हाणीपर्यंत जायची, कारण खुर्ची २६ इंच रुंद आणि विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीतल्या त्या खोलीची चौकट २४ इंच. देताना कुणी घराचं माप विचारलं नाही आणि आम्हालाही सुचलं नाही. म्हणून मी सगळ्यांना एकच क्रम सांगते: आधी माप, मग कागद, मग पैसे.

माप घरीच घ्या

शिंप्याची टेप पुरते. माणसाला सपाट स्टुलावर बसवा, दोन्ही मांड्यांना बाहेरून एकेक जाड वही टेकवा आणि दोन वह्यांमधलं अंतर मोजा. खुर्चीची बैठक त्याहून इंचभर जास्त चालेल, पण चार इंच जास्त असली तर माणूस एका बाजूला कलतो आणि पाठ वाकडी होते. मग पाठीपासून गुडघ्याच्या मागच्या खळीपर्यंत मोजा. बैठकीची मागून पुढपर्यंतची लांबी याहून दोन-तीन बोटं कमी हवी, नाहीतर कडा पोटरीला रुतते. पाय पायपट्टीवर पूर्ण टेकले पाहिजेत, लोंबकळता कामा नयेत.

आता घर. सगळ्यात अरुंद दार शोधा, ते बहुधा न्हाणीचं निघतं. तिथं दाराची फळी काढून पडदा लावला तरी इंच-दीड इंच सुटतो, आमचं त्यावरच भागलं. तेवढ्याच मापाची अरुंद खुर्ची घेतली आणि आत्या पहिल्यांदा स्वतःहून आत गेली. उंबरठ्याला उतार करायचा असेल तर १ इंच उंचीला १२ इंच लांबी धरा. सहा इंचांच्या पायरीला सहा फूट लागतात. बोळात तेवढी जागा नसेल तर हे खुर्ची ठरवतानाच कळलेलं बरं.

कुबड्यांचं माप नेहमीच्या चपला घालून, उभं राहून घ्यावं. वरचं टोक काखेच्या दोन-तीन बोटं खाली, मूठ मनगटाच्या रेषेशी. भार तळहातावर यायला हवा. काखेत टेकून लोंबकळलं की तिथल्या नसा दबतात आणि हात बधिर होतो. सोलापुरात रस्त्यावर कितीतरी माणसं मी अशीच चालताना बघते आणि दर वेळी थांबवून सांगते.

कागद

सगळ्याचं मूळ म्हणजे युडीआयडी कार्ड, दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र. स्वावलंबन या सरकारी वेबसाइटवर अर्ज करायचा, स्वतःला जमत नसेल तर सेवा केंद्रात जायचं. मग सिव्हिलमध्ये किंवा अर्जात निवडलेल्या सरकारी रुग्णालयात तपासणी होते. जुने केसपेपर, एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड सगळं सोबत न्या. ४० ते ७९ टक्के अपंगत्वाला पिवळं कार्ड मिळतं, ८० किंवा जास्त असेल तर निळं. याशिवाय तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, आधार, रेशनकार्ड आणि फोटो. प्रत्येकाच्या चार झेरॉक्स एका पिशवीत तयार ठेवा, शिबिराची खबर आदल्या दिवशी येते.

पैसे कुठून

पहिली केंद्र सरकारची एडीआयपी योजना, दिव्यांगांना साधनं मिळवून देणारी. ४० टक्के अपंगत्व हवं. महिन्याचं उत्पन्न २२,५०० रुपयांपर्यंत असेल तर साधन पूर्ण मोफत, ३०,००० पर्यंत निम्मा खर्च मिळतो. यात तीनचाकी, व्हीलचेअर, कुबड्या, कॅलिपर (पायाला आधार देणारा पट्टा), कृत्रिम पाय सगळं येतं. साधनं बहुतांशी कानपूरच्या अलिम्को या सरकारी कंपनीची असतात. आधी मोजमापाचं शिबिर आणि काही महिन्यांनी वाटप, म्हणून मोजमापाच्या दिवशी घराचं माप लिहिलेला कागद डॉक्टरांच्या हातात द्या. एकदा साधन घेतलं की पुढची तीन वर्षं पुन्हा मिळत नाही, बारा वर्षांखालच्या मुलांना मात्र वर्षाने मिळतं. चुकीचं साधन घरी आणणं म्हणूनच महागात पडतं. शिबिराची चौकशी जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात करा.

दुसरा मार्ग लोक विसरतात. ग्रामपंचायत, नगरपालिका, जिल्हा परिषद, महापालिका यांनी स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. मोहोळ, अक्कलकोट, माढा, कुठल्याही गावात असा, ग्रामपंचायतीला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेलं टिकत नाही.

६५ वर्षांवरच्या आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्यांसाठी राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना आहे. तिचे ३,००० रुपये एकदा खात्यात येतात. वॉकर, काठी, कमोड खुर्चीला पुरतात.

मधुमेहामुळे पाय गेलेल्यांनी जयपूर फूट या कृत्रिम पायाची शिबिरं बघावीत, १९७५ पासून जयपूरची भगवान महावीर विकलांग सहायता समिती हे पाय मोफत बसवते. जखम पूर्ण भरून सूज उतरल्याशिवाय माप देऊ नका, नाहीतर महिन्याभरात पाय ढिला होतो. शिबिर परगावी असेल तर एसटीत दिव्यांगांना ७५ टक्के सवलत आहे.

ताब्यात घेताना

जागेवरच बसून बघा. ब्रेक लावून ढकला, घडी घालून उघडा, मागच्या चाकांना हवेचे टायर असतील तर गल्लीतला सायकलवाला पंक्चर काढू शकेल का ते पाहा. कमरेखाली संवेदना नसलेल्या माणसासाठी फोमची नीट गादी मागा. चार पदरी घातलेली चादर, अगदी आपली सोलापुरी असली तरी, गादी नव्हे. तिच्यावर तासन्‌तास बसून झालेली जखम हाडापर्यंत जाते. दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर उचलून भार हलका करायचा आणि रोज रात्री आरशाने कुल्ल्यांची कातडी बघायची. लाल डाग दाबल्यावर पांढरा झाला नाही तर त्या दिवसापासून तिथं बसणं बंद.

खुर्ची एप्रिल-मेच्या उन्हात लावून ठेवू नका, चाकाची लोखंडी कडी हाताला चटका देते. काठीच्या आणि कुबडीच्या तळाचं रबर दर महिन्याला उलटं करून बघा. नक्षी झिजून गुळगुळीत झालं की लगेच बदला. फरशी ओली असेल तर तेवढंच रबर माणसाला धरून ठेवतं.