गेमिंग पीसीचा मदरबोर्ड गेला, तर नवा कसा निवडावा

पंखे फिरतात, दिवे लागतात, पण स्क्रीनवर डिस्प्ले येत नाही. दुकानात नेलं की ‘बोर्ड गेला’ हे निदान पटकन होतं. पैसे मोजण्याआधी ते घरीच पडताळा.

वीज बंद करून वायर काढा. रॅमची एकच स्टिक ठेवा आणि ती वेगवेगळ्या स्लॉटमध्ये लावून पाहा. बोर्डावरचा सीआर२०३२ हा नाण्यासारखा सेल पाच-दहा मिनिटं काढून परत बसवा, म्हणजे बायॉसचं (पीसी सुरू करणाऱ्या बोर्डातल्या मूळ सॉफ्टवेअरचं) सेटिंग मूळ पदावर येतं. बऱ्याच बोर्डांवर सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक कार्ड) आणि बूट (विंडोजची डिस्क) असे चार बारीक दिवे असतात. त्यातला कुठला पेटून राहतो, तिकडे शोध घ्या. शेवटी एखाद्या मित्राचा चांगला एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, लावून पाहाच. एसएमपीएसचा दोष बोर्डाच्या नावावर खपवला जातो, आणि तोच बिघडलेला एसएमपीएस उद्या नवा बोर्डही जाळू शकतो.

जुनं बिलही शोधा. भारतात बहुतेक बोर्डांना तीन वर्षांची वॉरंटी असते. इंटेलचा बोर्ड सर्व्हिस सेंटरला देताना सॉकेटवर, म्हणजे प्रोसेसर बसतो त्या जागेवर, प्लास्टिकचं झाकण लावा. पिना वाकलेल्या दिसल्या तर वॉरंटी नाकारली जाते.

बोर्ड खरंच गेला असेल, तर निवडीची सुरुवात प्रोसेसरपासून करा. तुमच्याकडे काय शाबूत आहे, त्यावरच नवा बोर्ड ठरतो. उदाहरणार्थ एएमडीचा रायझन ५ ३६०० आणि डीडीआर४ रॅम. हा प्रोसेसर एएम४ सॉकेटचा आहे, त्यामुळे ए५२०, बी४५० किंवा बी५५० चिपसेटचा (बोर्डाच्या सोयी ठरवणाऱ्या मुख्य चिपचा) बोर्ड चालेल. ए५२० स्वस्त असतो, पण त्यावर प्रोसेसर ओव्हरक्लॉक करता, म्हणजे ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवता, येत नाही. माझा कौल बी५५० ला. त्यात ग्राफिक कार्डाला आणि एका एम.२ एसएसडीला (बोर्डावर थेट बसणाऱ्या चपट्या डिस्कला) पीसीआयई ४.० या नव्या जोडणीचा वेग मिळतो. आरएक्स ६५०० एक्सटीसारख्या चारच लेन (डेटा वाहणाऱ्या मार्गिका) वापरणाऱ्या कार्डाला जुन्या ३.० स्लॉटमध्ये हा फरक चांगलाच जाणवतो. शिवाय पुढे कधीतरी ५८००एक्स३डीसारखा जास्त ताकदीचा प्रोसेसर त्याच बोर्डावर बसवता येतो. म्हणून प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या व्हीआरएमवर नीट हीटसिंक असलेला बोर्ड घ्या. रंगीत दिव्यांवर जाणारा पैसा इथे घाला.

मात्र प्रोसेसर रायझन ५ २६०० किंवा ३४००जी असेल, तर बी५५० घेऊ नका, तो या जुन्या पिढीला अधिकृतपणे चालत नाही. ३४००जीच्या नावात तीन हजार असले, तरी आतला गाभा आधीच्या पिढीचा आहे. त्याला बी४५० बरा.

इंटेलमध्ये याहून मोठा चकवा आहे. एलजीए ११५१ हे सॉकेट सहाव्या-सातव्या पिढीचंही आणि आठव्या-नवव्या पिढीचंही. प्रोसेसर दोन्हीकडे बसतो, पण सातव्या पिढीचा प्रोसेसर ३०० मालिकेच्या (आठव्या-नवव्या पिढीसाठीच्या) बोर्डावर चालत नाही. बाराव्या ते चौदाव्या पिढीचं एलजीए १७०० घेताना रॅम बघा. काही बोर्ड डीडीआर४ चे असतात, काही डीडीआर५ चे. एकाची रॅम दुसऱ्यात बसतच नाही.

सातव्या पिढीच्या इंटेलसाठी नव्याने बोर्ड शोधणं मला पटत नाही. विंडोज ११ ची अधिकृत यादी इंटेलच्या आठव्या पिढीपासून सुरू होते, आणि विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तिथे बोर्ड, प्रोसेसर, रॅम हे त्रिकूटच बदलायचा विचार करा.

मॉडेल मनात ठरलं की कंपनीच्या संकेतस्थळावर त्याची सीपीयू सपोर्ट यादी उघडा. तुमच्या प्रोसेसरपुढे कुठली बायॉस आवृत्ती दिली आहे, ते टिपून घ्या. जुन्या साठ्यातल्या बी४५० वर रायझन ५००० मालिका बायॉस अपडेटशिवाय सुरू होत नाही. बोर्डाला बायॉस फ्लॅशबॅकचं बटण असेल, तर पेनड्राइव्हवरून प्रोसेसर नसतानाही अपडेट करता येतं.

मग कॅबिनेटचं माप घ्या. एटीएक्स बोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटरचा, मायक्रो एटीएक्स जास्तीत जास्त २४४ बाय २४४ चा. मॅन्युअलमध्ये एम.२ स्लॉट भरल्यावर कुठले साटा पोर्ट (वायरने डिस्क जोडायच्या जागा) बंद होतात तेही वाचा. पंख्यांच्या दिव्यांची पिन पाच व्होल्टची आहे की बारा, हे तपासाच. पाचची पट्टी बाराच्या हेडरला, म्हणजे बोर्डावरच्या पिनांना, लावली तर जळते.

सेकंड हँड बोर्ड मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर घ्या किंवा ऑनलाइन, समोर डिस्प्ले आणून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका. टेस्टिंग वॉरंटीचे (घरी तपासून परत करायच्या मुदतीचे) दिवस बिलावर लिहून घ्या. एएम४ बोर्डासोबत कूलरची मागची बॅकप्लेट आहे ना, हेही बघा.

बोर्ड बदलल्यावर विंडोज बिटलॉकरची (डिस्कला कुलूप घालणाऱ्या सोयीची) रिकव्हरी की मागू शकतं. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. आधीच फोनवरून काढून कागदावर उतरवून ठेवा.

एएम४ चा कूलर सरळ वर ओढू नका, प्रोसेसरही पिनांसकट उपटून येतो. पीसी अजून सुरू होत असेल तर आधी थोडा तापवा, मग कूलर डावी-उजवीकडे हलकेच फिरवून सोडवा. नवा बोर्ड त्याच्याच खोक्यावर ठेवून प्रोसेसर, कूलर, रॅमची एक स्टिक आणि ग्राफिक कार्ड एवढंच जोडा. डिस्प्ले आला की कॅबिनेटमध्ये बसवा. बोर्डाच्या भोकाखाली येत नसलेला पितळी स्टँडऑफ (कॅबिनेटमधला, बोर्ड टेकवायचा खुंट) आधी काढा, नाहीतर शॉर्ट होतो. सगळं सुरू झालं की बायॉसमध्ये एक्सएमपी (रॅमला तिच्या छापील वेगाने चालवणारं सेटिंग) चालू करा. तोवर ३२०० ची रॅम २१३३ किंवा २४०० च्या आसपासच चालत राहते, आणि गेममध्ये फ्रेम कमी पडतात.