पेनड्राइव्ह नसेल तरी चालतं: हार्ड डिस्कवरच्या आयएसओ फाइलवरून थेट बूट कसं करायचं

आमच्या गावातल्या शाळेच्या लॅबमधली दहाएक जुनी मशीन्स मी अधूनमधून बघतो. तिथे पेनड्राइव्ह ही वस्तू टिकत नाही, कुणीतरी प्रोजेक्ट प्रिंट करायला नेतो आणि ती परत येत नाही, आणि दोन मशीन्सचे यूएसबी पोर्ट इतके ढिले झालेत की कॉपी चालू असतानाच कनेक्शन जातं. म्हणून गेली काही वर्षं मी एकच करतो, प्रत्येक मशीनच्या हार्ड डिस्कवर एक आयएसओ फाइल (म्हणजे अख्ख्या इन्स्टॉल सीडीची एका फाइलमधली नक्कल) ठेवून देतो आणि बूट मेन्यूमध्ये तिची एक ओळ टाकतो. मेन सिस्टिम बिघडली की मशीन चालू करायचं, ती ओळ निवडायची, आणि तीन-चार मिनिटांत पूर्ण लाइव्ह लिनक्स, म्हणजे इन्स्टॉल न करता थेट चालणारं लिनक्स, समोर. माझं तर स्पष्ट मत आहे की ज्या मशीनवर लिनक्स आहे त्या प्रत्येक मशीनमध्ये अशी एक फाइल पडून असलीच पाहिजे.

यासाठी लागतं ते ग्रब, म्हणजे ग्रब २, मशीन चालू होताना मेन्यू दाखवून सिस्टिम सुरू करून देणारा प्रोग्रॅम, आणि ते उबुंटू, मिंट, डेबियन यांच्याबरोबर आपोआप येतंच. मशीनवर नुसतं विंडोज असेल तर हा लेख तसाच्या तसा लागू होणार नाही, विंडोजबद्दल शेवटी थोडं लिहिलंय.

आधी आत काय घडतं ते नीट समजून घ्या, कारण नव्वद टक्के लोक इथेच अडकतात. आयएसओ फाइल दोनदा उघडावी लागते. पहिल्यांदा ग्रब उघडतं. ग्रबमध्ये लूपबॅक नावाची कमांड आहे, ती फाइलला एखाद्या सीडीसारखी समोर धरते, मग ग्रब त्यातून कर्नल (लिनक्सचा गाभा) आणि इनिटआरडी (सुरुवातीला लागणाऱ्या स्क्रिप्टचं गाठोडं) या दोन फाइल्स उचलून रॅममध्ये टाकतं. इथे ग्रबचं काम संपलं. कर्नल चालू झाला की ग्रब गेलं आणि त्याबरोबर ती लूपबॅकची खोटी सीडीही गेली! कर्नलला काहीच माहीत नसतं की आपण कुठल्या फाइलमधून आलो, त्यामुळे तीच फाइल दुसऱ्यांदा इनिटआरडीच्या आतल्या स्क्रिप्टने शोधून उघडावी लागते, आणि तिला तो पत्ता आपण कर्नलच्या ओळीत लिहून द्यायचा असतो. म्हणजे एकच पत्ता दोन ठिकाणी लिहायचा, एकदा ग्रबसाठी, एकदा कर्नलसाठी. हे एकदा डोक्यात बसलं की पुढच्या सगळ्या एरर वाचता येतात, कारण एरर पहिल्या उघडण्यात आली की दुसऱ्या, एवढंच बघायचं असतं.

आता तयारी. मी उदाहरणाला लिनक्स मिंट घेतो, जुन्या मशीनवर ते चांगलं चालतं आणि फाइल साधारण ३ जीबीच्या आसपास असते. डाउनलोड झाल्यावर शा-२५६ चेकसम (फाइल जशीच्या तशी आली का ते कळवणारा आकडा) जुळतोय का ते बघाच, टर्मिनलमध्ये शा२५६सम आणि फाइलचं नाव दिलं की आकडा येतो, तो साइटवरच्या आकड्याशी ताडायचा. गावाकडच्या नेटवर डाउनलोड मध्येच तुटून पुन्हा जोडलं गेलेलं असतं आणि अर्धवट फाइल दिसायला पूर्णच दिसते.

मग रूटमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या पातळीवर, आयएसओ नावाचा फोल्डर करा आणि फाइलचं लांबलचक नाव बदलून नुसतं मिंट.आयएसओ ठेवा. स्पेस नको, कॅपिटल नको. (इथून पुढे कमांड मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत देतोय, टाईप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरांत, आणि सगळी स्मॉल.)

फाइल कुठल्या पार्टिशनवर (डिस्कच्या कुठल्या भागावर) आहे याला महत्त्व आहे. साधं ईएक्सटी४, म्हणजे लिनक्सच्या नेहमीच्या फाइल सिस्टिमचं, पार्टिशन सगळ्यात उत्तम. एन्क्रिप्ट केलेल्या पार्टिशनवर ठेवू नका, बूटच्या वेळी ते उघडलेलं नसतं. एफएटी३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसतच नाही, आणि नवीन उबुंटूची आयएसओ त्यापेक्षा मोठी आहे. विंडोजच्या एनटीएफएस पार्टिशनवर ठेवायचीच असेल तर विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर ते पार्टिशन अर्धवट झोपलेल्या अवस्थेत सापडतं आणि लिनक्स ते नीट उघडत नाही.

आणि पत्त्याचं एक सांगतो, यावर माझा एक अख्खा रविवार गेलाय. ग्रबला पार्टिशन कळतं, तुमचा माउंट केलेला (चालू सिस्टिमने जोडून दाखवलेला) फोल्डर कळत नाही. समजा तुमचं होम वेगळ्या पार्टिशनवर आहे आणि फाइल होमच्या आत तुमच्या नावाच्या फोल्डरमध्ये आहे, तर पत्त्यात होम हा शब्द येणारच नाही, कारण त्या पार्टिशनच्या दृष्टीने तुमच्या नावाचा फोल्डर हीच सुरुवात आहे. बीटीआरएफएस ही दुसरी फाइल सिस्टिम असेल तर उलट, तिथे पत्त्याच्या सुरुवातीला ॲट चिन्हवाला सबव्हॉल्यूम (पार्टिशनच्या आतला उपविभाग) जोडावा लागतो. म्हणूनच म्हणतो, ईएक्सटी४ वर रूटमध्ये ठेवा, डोक्याला ताप नाही.

आता लगेच कुठलीही फाइल एडिट करायला जाऊ नका. आधी ग्रबच्या प्रॉम्प्टवर हाताने करून बघा, काही चुकलं तर रीस्टार्ट केलं की सगळं पूर्वीसारखं, काहीही बिघडत नाही. मशीन चालू करताना ग्रबचा मेन्यू दिसत नसेल तर यूईएफआय (नव्या) मशीनवर एस्केप एकदाच दाबा, जुन्या बायोसवर शिफ्ट धरून ठेवा. मेन्यू आला की सी दाबायचं. काळ्या स्क्रीनवर ग्रब लिहिलेलं येईल. आधी नुसतं एलएस टाईप करून एंटर मारा, तुमच्या डिस्क आणि पार्टिशन दिसतील, एचडी०,जीपीटी२ अशा नावाने. लक्षात ठेवा, डिस्क शून्यापासून मोजतात आणि पार्टिशन एकपासून. मग या पाच ओळी:

सर्च --सेट=रूट --फाइल /आयएसओ/मिंट.आयएसओ
लूपबॅक लूप /आयएसओ/मिंट.आयएसओ
लिनक्स (लूप)/कॅस्पर/व्हीएमलिनझ बूट=कॅस्पर आयएसओ-स्कॅन/फाइलनेम=/आयएसओ/मिंट.आयएसओ
इनिटआरडी (लूप)/कॅस्पर/इनिटआरडी.एलझेड
बूट

पहिली ओळ फाइल ज्या पार्टिशनवर आहे ते शोधून त्याला रूट ठरवते. हीच फाइल याच नावाने दोन पार्टिशनवर असेल तर ग्रब एक उघडेल आणि पुढची स्क्रिप्ट दुसरी, म्हणून एकच कॉपी ठेवा. दुसऱ्या ओळीत ती खोटी सीडी तयार झाली, तिचं नाव लूप. तिसऱ्या ओळीतलं कॅस्पर हा मिंटच्या आयएसओतला फोल्डर, आणि तिथे कर्नलचं स्पेलिंग सांभाळा, व्ही एम लिनक्स असंच आहे पण शेवटी एक्सऐवजी झेड. त्याच ओळीत आयएसओ-स्कॅनच्या पुढे जो पत्ता आहे तो म्हणजे वर सांगितलेला दुसरा पत्ता. चौथ्या ओळीत फाइलचं नाव सगळीकडे सारखं नसतं, कुठे नुसतं इनिटआरडी, कुठे पुढे एलझेड, कुठे जीझेड, त्यामुळे कॅस्परच्या पुढचा स्लॅश टाईप करून टॅब दाबा, ग्रब स्वतःच नावं दाखवेल. टॅब ही या स्क्रीनवर सगळ्यात कामाची की आहे, पत्ता टाईप करताना टॅब दाबून नाव पूर्ण झालं तर पत्ता बरोबर, नाही झालं तर तिथेच चूक.

हे चाललं, मिंटचा डेस्कटॉप आला, की मग ते कायमचं करायचं. नेहमीच्या सिस्टिममध्ये या, इटीसी फोल्डरच्या आत ग्रब.डी, त्यात ४०_कस्टम नावाची फाइल असते, ती सुडो लावून (ॲडमिनच्या हक्काने) उघडा. वरच्या ओळींना हात लावू नका, विशेषतः एक्झेक टेलवाली ओळ, ती उडाली तर फाइलच चालत नाही. सगळ्यात खाली हे लिहायचं:

मेन्यूएंट्री "मिंट रेस्क्यू" {
आरएममॉड टीपीएम
सर्च --सेट=रूट --फाइल /आयएसओ/मिंट.आयएसओ
लूपबॅक लूप /आयएसओ/मिंट.आयएसओ
लिनक्स आणि इनिटआरडीच्या ओळी वर होत्या तशाच
}

बूट ही ओळ इथे लागत नाही. आरएममॉड टीपीएम कशाला, तर काही यूईएफआय मशीनवर ग्रबचं टीपीएम (सुरक्षेच्या चिपचं) मोड्यूल उघडलेली प्रत्येक फाइल मोजून बघायला जातं, म्हणजे तुमची अख्खी ३ जीबीची आयएसओ वाचत बसतं, मग एकतर खूप वेळ काहीच होत नाही किंवा आउट ऑफ मेमरी येतं. ते मोड्यूल काढून टाकलं की हा प्रश्न सुटतो.

नंतर सुडो अपडेट-ग्रब. इथे एक गोष्ट लोकांना घाबरवते, अपडेट-ग्रब जी यादी स्क्रीनवर छापतं त्यात आपली एंट्री दिसत नाही. काळजी करू नका, कस्टम एंट्री ते छापतच नाही, बूट/ग्रब मधली ग्रब.सीएफजी उघडून आपलं नाव शोधा, तिथे असेल. आणि मेन्यू लपलेला राहू नये म्हणून इटीसी/डिफॉल्ट/ग्रब या फाइलमध्ये टाइमआउट स्टाइल मेन्यू करा, टाइमआउट ५ सेकंद द्या आणि अपडेट-ग्रब परत चालवा. हे नक्की करा, कारण अडचणीच्या वेळी समोर बसलेला माणूस तुम्ही नसाल, शाळेतले सर असतील किंवा घरी आई, त्यांना फोनवर "एस्केप दाबा, नाही नाही, जरा आधी" असं सांगत बसण्यापेक्षा मेन्यू समोर आलेला बरा.

दुसऱ्या डिस्ट्रोंचं (लिनक्सच्या वेगवेगळ्या प्रकारांचं) तत्त्व तेच, फक्त दुसरा पत्ता सांगायची भाषा बदलते. डेबियन लाइव्ह, जीपार्टेड लाइव्ह, क्लोनझिला यांच्यात कॅस्परऐवजी लाइव्ह नावाचा फोल्डर असतो, बूट=लाइव्ह लिहायचं आणि पत्ता फाइंडआयएसओ= ने द्यायचा. आर्चमध्ये आयएमजी_डेव्ह= ने पार्टिशन आणि आयएमजी_लूप= ने फाइल सांगतात. फेडोरात आयएसओ-स्कॅन चालतं पण शिवाय रूट=लाइव्ह:सीडीलेबल= असं (सीडीलेबल मात्र कॅपिटलमध्ये) आयएसओचं लेबलही हुबेहूब द्यावं लागतं. पाठ करायची गरज नाही, आयएसओ आर्काइव्ह मॅनेजरमध्ये उघडा आणि आत बूट/ग्रबमध्ये बघा, तिथल्या ग्रब.सीएफजीत त्यांची स्वतःची लिनक्सची ओळ असते, ती उचलायची आणि आपला पत्ता जोडायचा. उबुंटूमध्ये तर लूपबॅक.सीएफजी नावाची फाइल खास याच कामासाठी दिलेली असते.

एररचं बोलू. फाइल नॉट फाउंड किंवा यू नीड टू लोड द कर्नल फर्स्ट असं आलं तर चूक पहिल्या उघडण्यातली, म्हणजे ग्रबचा पत्ता किंवा कर्नलचं नाव. कर्नल चालू झाला, लोगो आला, आणि मग काळ्या स्क्रीनवर अनेबल टू फाइंड अ मीडियम कंटेनिंग अ लाइव्ह फाइल सिस्टिम असं येऊन इनिटरॅमएफएस कंसात लिहिलेला प्रॉम्प्ट आला, तर ग्रबचं सगळं बरोबर होतं, दुसरा पत्ता चुकलाय. तिसरी एरर बॅड शिम सिग्नेचर, ती सिक्युअर बूटची, म्हणजे ओळखीची सही असलेलीच सिस्टिम चालू देणाऱ्या सेटिंगची. उबुंटू किंवा मिंटच्या ग्रबवरून उबुंटू-मिंटचा कर्नल चालतो कारण सही ओळखीची असते, पण डेबियन किंवा आर्चची आयएसओ अडते. तेवढ्यापुरतं सिक्युअर बूट बंद करणं हा सोपा मार्ग, पण ज्या मशीनवर विंडोज बिटलॉकरसकट (विंडोजच्या डिस्क एन्क्रिप्शनसकट) आहे तिथे आधी रिकव्हरी की जवळ आहे का ते बघितल्याशिवाय सेटिंगला हात लावू नका.

अशा पद्धतीने बूट केलेलं असताना आयएसओ ज्या पार्टिशनवर आहे ते वापरात असतं, मिंट-उबुंटूत ते आयएसओडिव्हाइस या नावाने माउंट झालेलं दिसतं. त्यामुळे त्याच पार्टिशनला फॉरमॅट करायला किंवा आकार बदलायला जाऊ नका, तुम्ही ज्या फांदीवर बसलात तीच ती. त्याच डिस्कवर नवीन इन्स्टॉल करायचंच असेल तर कर्नलच्या ओळीत टोरॅम हा शब्द जोडा, मग सगळी सिस्टिम रॅममध्ये येते, मिंटसाठी ८ जीबी रॅम असेल तर निवांत. त्यानंतरही ते पार्टिशन माउंट राहिलं तर सुडो यूमाउंट -एल /आयएसओडिव्हाइस. डेटाचा बॅकअप याच्या आधी, नंतर नाही.

विंडोजची आयएसओ या पद्धतीने चालत नाही, कारण विंडोजच्या इन्स्टॉलरला दुसऱ्यांदा फाइल उघडण्याची सोयच माहीत नाही. विंडोजला त्याचा स्वतःचा रस्ता आहे, व्हीएचडी (आभासी हार्ड डिस्कच्या) फाइलमध्ये विंडोज टाकून तिच्यावरून बूट करायचं, विंडोज ७ पासून ती सोय आहे, पण तो वेगळा विषय.

आणि हार्ड डिस्कच मेली तर तिच्यावरची आयएसओही गेली, तेव्हा एक पेनड्राइव्ह कपाटात कुलुपात ठेवाच. वर्षा-दोन वर्षांनी मिंटची नवी आवृत्ती आली की जुनी फाइल काढून नवीन त्याच नावाने ठेवायची, एंट्री तशीच चालते, फक्त इनिटआरडीचं नाव बदललंय का ते एकदा उघडून बघा आणि त्याच दिवशी एकदा बूट करून बघा.