लेथवर आटे पाडायला शिकताय? आधी हाफ नट समजून घ्या

सातपूरच्या आयटीआयमधून टर्नर ट्रेड करून पोरं अंबडला, सिन्नरला कामाला लागतात आणि बऱ्याच जणांना वाटतं की आता सगळीकडं सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारी मशीन) आलंय, मग मॅन्युअल लेथवर आटे कशाला शिकायचे. मला हे अजिबात पटत नाही. सीएनसीवर थ्रेडिंग सायकल टाकली तरी आत तेच चालतं, स्पिंडलचा (जॉब फिरवणाऱ्या दांड्याचा) एक फेरा झाला की टूल एक पिच (दोन आट्यांमधलं अंतर) पुढं, फक्त लेथवर गिअर आणि लीड स्क्रू (टूल पुढं नेणारा लांब स्क्रू) डोळ्यासमोर फिरतात म्हणून ते डोक्यात पक्कं बसतं.

पोरं सगळ्यात जास्त अडकतात हाफ नटला, म्हणजे लीड स्क्रूवर बसून टूलला त्याच्याशी जोडणाऱ्या, उघडझाप होणाऱ्या नटला. समजा लीड स्क्रू ६ मिमी पिचचा आहे. १.५, २ किंवा ३ चे आटे असतील तर ६ ला पूर्ण भाग जातो, हाफ नट कुठंही टाका, टूल जुन्याच आट्यात येणार. पण एम २० चा, म्हणजे २० मिमीच्या मेट्रिक आट्याचा, पिच २.५, भाग जात नाही, मग हाफ नट उघडून कुठंही परत टाकला की टूल भलतीकडं उतरतं आणि जॉब भंगारात. अशा वेळी हाफ नट उघडायचाच नाही, कट संपला की आधी टूल बाहेर घ्यायचं आणि मगच मशीन रिव्हर्स मारायचं. टूल आत असताना रिव्हर्स नको, लीड स्क्रूत प्ले (ढिलेपणा) असतो, टूल आलेल्या वाटेनं परत जात नाही, टोक तरी उडतं नाहीतर आटा खरवडतो.

मेट्रिकचा कोन ६० डिग्री, जुन्या व्हिटवर्थ (ब्रिटिश) आट्यांचा ५५. टूल ग्राइंड करताना फिश टेल गेज (टूलचा कोन तपासायची खाचांची पट्टी) लावून उजेडाकडं धरून बघा. खोली म्हणजे पिच गुणिले ०.६१३४, एम २० ला साधारण १.५३ मिमी, पण हे क्रॉस स्लाइडनं (टूल जॉबमध्ये सरळ आत नेणारी स्लाइड) सरळ कट दिला तर. कंपाउंड (तिच्यावरची, कोनात फिरणारी स्लाइड) साडेएकोणतीस डिग्रीवर फिरवून कट देणार असाल (मला हेच आवडतं, टूलवर लोड कमी येतो) तर चाल तिरकी असते, त्यामुळं डायलवर १.७६ पर्यंत जावं लागतं, नाहीतर पोरगा १.५३ ला थांबतो आणि नट का जात नाही म्हणून बघत बसतो.

पहिला कट नुसता ओरखडा मारा, तिथंच पिच गेज लावा, गिअर चुकला असेल तर अजून काही बिघडलेलं नसतं. शेवटचे कट अगदी बारीक. आणि रिंग गेज (आटे बरोबर झाले का बघायची कडी) लावायच्या आधी बर (कडेला राहिलेला धातूचा कीस) काढा, गो गेज (आट्यावर जायलाच हवी ती कडी) कधीकधी नुसत्या बरमुळं अडकतो आणि तुम्ही उगाच अजून एक कट मारून आटे सैल करून ठेवता.