स्लो कुकरमधला बीफ रोस्ट: बटाटे खाली, मांस वर

मांस मऊसूत होतं, पण सोबतचे बटाटे-गाजरं कचकचीतच राहतात? स्लो कुकरमध्ये (तासन्‌तास मंद आचेवर शिजवणारं विजेचं भांडं) कंदभाज्या मांसापेक्षाही सावकाश शिजतात, त्यामुळे त्यांची जागा तळाशी.

१. बटाटे, गाजर, कांदा यांचे इंचभराचे तुकडे तळाला आणि कडेने रचा.

२. खांद्याचा दीड किलोचा तुकडा घ्या. महागडा, बिनचरबीचा भाग इथे वाया जातो, कोरडा पडतो. मीठ-मिरी चोळून तव्यावर सगळ्या बाजूंनी चांगला तांबूस परता आणि भाज्यांवर ठेवा. ही परतणी टाळू नका, सगळी चव तिच्यातच आहे.

३. कपभर स्टॉक (हाडं किंवा भाज्या उकळून गाळलेलं पाणी) पुरे. मांसाला स्वतःचं पाणी सुटतंच. 'लो'वर ८ तास. काटा घालून फिरवल्यावर धागे सुटले की झालं.

४. मटार शेवटच्या अर्ध्या तासात.

उरलेला रस पातेल्यात उकळा, गार पाण्यात कालवलेलं चमचाभर कॉर्नफ्लोअर घाला, ग्रेव्ही तयार.

मटार घालण्यापुरतं सोडलं तर मध्ये झाकण उघडू नका, गेलेली उष्णता भरून यायला बराच वेळ लागतो. आणि गोठलेलं मांस थेट कधीच घालू नका. ते फार वेळ कोमट राहतं आणि त्यात जंतू वाढतात. आदल्या रात्रीच, किंवा तुकडा मोठा असेल तर त्याआधीच, फ्रीजरमधून फ्रिजमध्ये काढून ठेवा.