मॉनिटर किती इंची घ्यायचा? आधी अंतर मोजा

मॉनिटर घेताना बहुतेक जण इंच आणि किंमत बघतात. पण डोळ्यांना आराम मिळणार की नाही, हे ठरतं ते डोळे आणि स्क्रीन यांच्यातल्या अंतरावर. म्हणून खरेदीआधी रोजच्या खुर्चीत पाठ टेकवून बसा आणि स्क्रीन जिथे येणार तिथपर्यंतचं अंतर कुणाकडून तरी टेपने मोजून घ्या. नुसती टेबलाची खोली मोजू नका. स्टँडमुळे स्क्रीन भिंतीपासून १५-२० सेंमी पुढे येते, त्यामुळे ४५ सेंमी खोल टेबलावर ती अगदी तोंडाशी येते. ५० ते ७५ सेंमी अंतर सोयीचं. टेबल अरुंद असेल तर मॉनिटर भिंतीवर किंवा आर्मवर (टेबलाला अडकवायच्या हलत्या दांड्यावर) लावा. त्यासाठी मागे ‘वेसा’ मानकाची, स्क्रू लावायची चार भोकं आहेत का ते बघून घ्या (बहुधा १०० × १०० मिमी).

आता आकार. स्क्रीनची रुंदी मोजलेल्या अंतरापेक्षा जास्त नसावी. इंच कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत मोजतात, त्यामुळे १६:९ (रुंदी:उंची) प्रमाणाचा २४ इंची मॉनिटर सुमारे ५३ सेंमी रुंद असतो, २७ इंची ६० आणि ३२ इंची ७१. ५० सेंमीवर ३२ इंची ठेवला तर कडेचा मजकूर वाचायला दर वेळी मान वळवावी लागते आणि संध्याकाळपर्यंत मान-खांदे भरून येतात. ३४ इंची अल्ट्रावाइड सुमारे ८० सेंमी रुंद असला तरी उंचीला २७ इंचीएवढाच असतो. लांबलचक एक्सेल शीट किंवा व्हिडिओ एडिटिंगसाठी तो चांगला, नुसत्या वाचन-लेखनासाठी त्यावर जास्त पैसे घालू नका.

रिझोल्यूशन, म्हणजे स्क्रीनवर आडवे आणि उभे किती पिक्सेल (ठिपके) आहेत ते, आकारापासून वेगळं काढून बघता येत नाही. दोन्ही मिळून एका इंचात किती पिक्सेल बसतात तो आकडा, म्हणजे पीपीआय, महत्त्वाचा. ८७०० ला पीपीआयने भागलं की सेंटिमीटरमध्ये एक अंतर मिळतं. त्याहून जवळ बसलात तर चांगल्या नजरेला पिक्सेलचे दाणे जाणवू लागतात.

२४ इंच, १९२० × १०८० (फुल एचडी, १०८०पी): ९२ पीपीआय, ९५ सेंमी
२७ इंच, १९२० × १०८०: ८२ पीपीआय, १०६ सेंमी
२७ इंच, २५६० × १४४० (१४४०पी): १०९ पीपीआय, ८० सेंमी
२७ इंच, ३८४० × २१६० (४के): १६३ पीपीआय, ५३ सेंमी
३२ इंच, ४के: १३८ पीपीआय, ६३ सेंमी

हे अंतर म्हणजे नजरेची कमाल मर्यादा आहे, त्याच्या आत बसलं की त्रास होतोच असं नाही. २४ इंची फुल एचडीवर ६५ सेंमीवरून कामं व्यवस्थित होतात. पण स्वस्त मिळतो म्हणून २७ इंची फुल एचडी घेऊ नका. स्क्रीन मोठी होते, पिक्सेल तेवढेच राहतात आणि अक्षरांच्या कडा फाटतात.

मराठी वाचणाऱ्या-लिहिणाऱ्याला हा फरक जास्त भोवतो. भ आणि म, ध आणि घ यांतला भेद शिरोरेषेतल्या छोट्याशा फटीवर आणि गाठीवर असतो, ष आणि प मधला एका तिरक्या रेघेवर. लहान अक्षरात पीपीआय कमी असला की ती फट बुजते, अनुस्वार एक-दोन पिक्सेलचा ठिपका होतो, आणि ‘राष्ट्र’, ‘उद्घाटन’ यांतली जोडाक्षरं डाग पडल्यासारखी दिसतात. दिवसभर मुद्रितशोधन, डीटीपी किंवा अनुवाद करणाऱ्याने २७ इंची ४के घ्यावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. बजेट कमी असेल तर २७ इंची १४४०पी. तेही जमत नसेल तर २४ इंची फुल एचडी घ्या आणि झूम वाढवून वाचा.

पण ४के घेतला की अक्षरं बारीक होतात, ही तक्रार? ती स्केलिंगने, म्हणजे अक्षरं आणि आयकॉन ठरावीक टक्क्यांनी मोठे करून, सुटते. विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले असं जा. रिझोल्यूशन ‘रेकमेंडेड’वरच ठेवा आणि फक्त ‘स्केल’ बदला. २७ इंची ४केला १५० टक्के ठेवलं की कामाची जागा १४४०पीएवढीच मिळते, पण प्रत्येक अक्षर सव्वादोन पट पिक्सेलांनी रेखलं जातं. ३२ इंची ४केला १२५ किंवा १५० टक्के, २७ इंची १४४०पीला १०० किंवा १२५. अक्षर पुरेसं मोठं झालं का हे पट्टीने तपासा: अंतराला १७० ने भागा, ‘क’ची उंची साधारण तेवढी हवी. म्हणजे ६० सेंमीवर साडेतीन मिमी. अक्षरं मोठी करण्यासाठी रिझोल्यूशन मात्र कधीही कमी करू नका. १४४०पी पॅनेलवर १०८०पी चालवलं तर एका पिक्सेलचं चित्र सव्वा-दीड पिक्सेलवर ताणलं जातं आणि सगळंच धूसर होतं.

स्केलिंग बदलल्यावर एकदा साइन आउट करून परत या. तरीही एखादं जुनं सॉफ्टवेअर पुसट दिसत असेल तर त्याच्या आयकॉनवर राइट क्लिक करा, प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी, ‘चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज’मध्ये जा, खालचा ‘ओव्हरराइड’चा चौकोन टिक करा आणि ‘अॅप्लिकेशन’ निवडा. मजकूर रेखीव होईल, मात्र काही प्रोग्रॅममध्ये बटणं बारीक होतात. कामाचं मुख्य सॉफ्टवेअरच असं वागत असेल तर १०० टक्क्यांवर चालणारा २४ इंची फुल एचडी जास्त सुखाचा. मॅकवर फुल एचडीची अक्षरं विंडोजपेक्षा मऊ दिसतात, तिथे ४केच घ्या.

लॅपटॉपचं पोर्टही आधी तपासा. एचडीएमआय १.४ मधून ४के फक्त ३० हर्ट्झवर (सेकंदाला ३० चित्रं) येतं. माउसचा पॉइंटर अडखळतो, स्क्रोल करताना ओळी तुटतात, आणि लोक मॉनिटरलाच दोष देतात. ६० हर्ट्झसाठी एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट १.२ लागतं, आणि लॅपटॉप, केबल, मॉनिटर तिन्हींना ते झेपलं पाहिजे.

स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली ठेवा. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर आणखी खाली घ्या आणि स्क्रीन थोडी मागे कलती करा, नाहीतर खालच्या भिंगातून वाचण्यासाठी हनुवटी सतत वर जाते. अशांनी उंची कमी-जास्त होणारा स्टँडच घ्यावा. नंबर काढायला जाताना मोजलेलं अंतर सांगा, कारण वाचनाचा चष्मा साधारण ४० सेंमीसाठी असतो आणि मॉनिटर त्याहून लांब असतो.

दुकानात डेमोचे रंगीत व्हिडिओ बघून काही कळत नाही. पेन ड्राइव्हवर १२ पॉइंटचं एक मराठी पान न्या, १०० टक्के झूमवर उघडायला लावा आणि घरी मोजलेल्या अंतरावर उभं राहून दोन परिच्छेद वाचा. ऑनलाइन घेतलात तर हीच चाचणी परत करायची मुदत संपायच्या आत घरी करा.